देणारा एक, घेणारा दुसरा : नॉनप्रॉफिट मॅनेजमेंटच्या पदवीत शिकवतात तरी काय?

न्हाव्याने केस वाकडे कापले तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरं दुकान गाठतं. पैसे देणारा आणि सेवा घेणारा माणूस एकच असल्यामुळे न्हाव्याला आपली चूक महिन्याभरात कळते. आता बेघर लोकांसाठी चालवलेला एखादा निवारा डोळ्यांसमोर आणा. त्याला पैसे देणाऱ्या बाई तीनशे मैलांवर राहतात, त्या तिथं झोपायला येत नाहीत. जो तिथं झोपतो तो पैसे देत नाही, आणि गादी ओली निघाली तरी त्याला जायला दुसरी जागा नाही. ओल्या गादीची खबर त्या बाईंपर्यंत आपोआप पोहोचत नाही. ती पोहोचवण्याची सोय कुणीतरी मुद्दाम करावी लागते.

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत बारावीनंतर चार वर्षांची जी नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट (ना-नफा संस्थांचं व्यवस्थापन) आणि फिलान्थ्रॉपीची (समाजासाठी केलेल्या दानाची) पदवी मिळते, ती खरं तर या सोयीचा अभ्यास आहे. कायदा, हिशेब, निधी उभारणी, मूल्यमापन असे विषय वेळापत्रकात वेगवेगळे दिसतात. पण प्रत्येक विषयाच्या मुळाशी देणारा आणि घेणारा यांच्यातली हीच फट सापडते. 'चांगुलपणाचा कोर्स' समजून आलेला विद्यार्थी दुसऱ्याच सत्रात ताळेबंदासमोर बसतो आणि चक्रावतो.

नफा करता येतो, वाटता येत नाही

पहिल्या वर्षी एक गैरसमज काढून टाकण्यात बराच वेळ जातो. ना-नफा संस्थेने नफा करायचा नाही, असं बहुतेकांना वाटतं. वर्षाअखेरीस पैसे शिल्लक राहायला काहीच हरकत नाही, उलट राहायलाच हवेत. बंदी आहे ती शिल्लक वाटून घेण्यावर. मालक नाही, भागधारक नाही, लाभांश नाही. हेन्री हान्समान या कायदेपंडिताने १९८० साली येल लॉ जर्नलमध्ये हा मुद्दा नीट मांडला. जिथं ग्राहकाला सेवेचा दर्जा स्वतः तपासता येत नाही, तिथं नफ्यासाठी काटकसर करण्याचा मोह ज्याच्यापुढे नाही अशा संस्थेवर लोक जास्त विश्वास टाकतात, असं त्याचं म्हणणं. वाटपबंदी म्हणजे त्या विश्वासासाठी ठेवलेलं तारण.

याच्या जोडीला आणखी दोन अभ्यासकांची नावं येतात. बर्टन वाइसब्रॉड म्हणतो, सरकार मधल्या मतदाराला हवं तेवढंच देतं. ज्यांना जास्त किंवा वेगळं हवं ते संस्था काढतात. लेस्टर सॅलमन उलट्या बाजूने बघतो. संस्थांच्या स्वतःच्याही उणिवा असतात : पैसा अपुरा पडतो, मदत आपल्याच माणसांकडे वळते, काय करायचं हे देणारा ठरवतो. म्हणून सरकार आणि संस्था एकमेकांना टेकून उभ्या राहतात. परीक्षेत हे तिघे हमखास येतात, पण ते पाठ करून फारसा उपयोग नाही. समोरची संस्था यांतल्या कोणत्या कारणाने जन्मली हे ओळखता आलं, तर तिचा पैसा कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो.

पदवी एक, घराणी दोन

या शिक्षणाची एक वाट १९४८ साली कॅन्सस सिटीत सुरू झालेल्या अमेरिकन ह्युमॅनिक्स या संस्थेकडे जाते. युवक संघटनांसाठी कॉलेजातूनच तयार माणसं मिळावीत, हा तिचा हेतू. पुढे तिचं नाव नॉनप्रॉफिट लीडरशिप अलायन्स झालं, आणि 'सर्टिफाइड नॉनप्रॉफिट प्रोफेशनल' हे प्रमाणपत्र ती आजही देते. दुसरी वाट संशोधनाची. येल विद्यापीठात १९७०च्या दशकात या क्षेत्राचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, १९८०च्या दशकात पदव्युत्तर अभ्यासक्रम आले. बारावीनंतरची पदवी सगळ्यांत उशिरा आली. इंडियाना विद्यापीठाने इंडियानापोलिसमध्ये फिलान्थ्रॉपिक स्टडीजची बीए पदवी २०१० मध्ये सुरू केली. तिथल्या विभागाला पुढे लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी हे नाव मिळालं.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट नीट बघायला हवी. 'फिलान्थ्रॉपिक स्टडीज' आणि 'नॉनप्रॉफिट मॅनेजमेंट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मानव्य शाखेची : दानाचा इतिहास, नीतिशास्त्र, धर्म, समाज. दुसरी बहुधा लोकप्रशासनाच्या विभागात असते, आणि तिच्यात अर्थसंकल्प, मनुष्यबळ, कायदा यांचा भार जास्त. इंडियाना या एकाच विद्यापीठात दोन्ही सुरू झाल्या, लिली स्कूलमध्ये पहिली आणि ओ'नील स्कूलमध्ये दुसरी. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाची नॉनप्रॉफिट लीडरशिप अँड मॅनेजमेंटची बीएस दुसऱ्या घराण्यातली. नावावर जाऊ नये, अनिवार्य विषयांची यादी उघडावी. त्या यादीत फायनान्शियल अकाउंटिंग आणि संख्याशास्त्र नसेल, तर ते ऐच्छिक विषय म्हणून स्वतःहून घ्यावेत. हे दोन नसले की नोकरीच्या मुलाखतीत लगेच उघडं पडतं.

पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, एक विषय बहुधा तीन क्रेडिटचा. त्यातले मुख्य शाखेचे विषय एक तृतीयांशाच्या आसपास. बाकी सर्वसाधारण शिक्षण आणि ऐच्छिक विषय. म्हणजे दुसरी छोटी शाखा जोडायला जागा असते, आणि ती वाया घालवू नये.

कायदा : पगार किती द्यायचा आणि कागद कुठला ठेवायचा

अमेरिकेच्या आयकर कायद्यातलं कलम ५०१ (सी) (३) हा या विषयाचा पाया. या कलमाखाली मान्यता मिळाली की संस्थेला आयकर माफ होतो आणि देणगीदाराला वजावट मिळू शकते. त्या बदल्यात अटी येतात. निवडणुकीत उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरायचं नाही (ही बंदी १९५४ सालची), कायदे बदलण्यासाठी लॉबिंग मर्यादेतच करायचं, आणि संस्थेचा पैसा आतल्या माणसांच्या खिशात जाऊ द्यायचा नाही.

शेवटची अट ऐकायला सोपी वाटते. पण संचालकाला पगार तर द्यावाच लागतो. मग किती दिला म्हणजे जास्त? समजा तशाच कामाचा बाजारातला पगार २ लाख डॉलर आहे आणि संस्थेच्या नियामक मंडळाने ३ लाख दिले. वरचे १ लाख हा 'अवाजवी लाभ'. त्यावर २५ टक्के, म्हणजे २५ हजारांचा कर बसतो, आणि तो संस्थेवर नाही, पगार घेणाऱ्यावर. शिवाय वरची रक्कम संस्थेला परत करावी लागते. मुदतीत परत केली नाही तर कर २०० टक्के. जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या मंडळाच्या सदस्यांवरही १० टक्के कर बसू शकतो, त्याला २० हजार डॉलरची कमाल मर्यादा आहे.

यातून वाचायची वाट कायद्यानेच आखून दिली आहे. ज्यांचा स्वतःचा हितसंबंध नाही अशाच सदस्यांनी निर्णय घ्यायचा. घेण्याआधी तशाच संस्थांतले पगार तपासायचे (वार्षिक जमा १० लाख डॉलरपेक्षा कमी असेल तर तीन संस्थांचे आकडे पुरतात). आणि कशाच्या आधारे ठरवलं ते तेव्हाच्या तेव्हा इतिवृत्तात लिहायचं. हे तिन्ही केलं की पगार वाजवी आहे असं गृहीत धरलं जातं, आणि तो अवाजवी असल्याचं दाखवण्याची जबाबदारी सरकारवर जाते. घोटाळा बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर होतो. बैठक होते, चर्चा होते, आकडेही असतात, पण इतिवृत्त वर्षभराने, चौकशी आल्यावर लिहिलं जातं. ते चालत नाही.

फॉर्म ९९० हे दरवर्षीचं विवरणपत्र याच विषयात वाचायला शिकवतात. जमा २ लाख डॉलर किंवा मालमत्ता ५ लाख डॉलरपर्यंत पोहोचली की पूर्ण फॉर्म. जमा साधारणपणे ५० हजारांच्या आत असलेल्यांना इंटरनेटवरचं छोटं कार्ड पुरतं. मधल्यांसाठी ९९०-ईझेड. आर्थिक वर्ष संपल्यानंतर पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. सलग तीन वर्षं भरला नाही की करमाफी आपोआप रद्द होते, त्यात अधिकाऱ्याला मत नसतं. छोट्या संस्थांचा जीव इथंच जातो. खजिनदार बदलतो, पासवर्ड जुन्या माणसाकडे राहतो, आणि 'आपली जमा इतकी कमी, आपल्याला काय भरायचं' असा समज असतो. चर्च आणि तत्सम काही संस्थांना या फॉर्मातून सूट आहे. इतरांना मात्र मागेल त्याला गेल्या तीन वर्षांचे फॉर्म दाखवावे लागतात.

हिशेब : नऊ लाख असूनही पगाराला पैसे नाहीत

या पदवीतला सगळ्यांत कसाचा भाग हाच. एक उदाहरण सावकाश बघू.

संस्थेचा वर्षाचा खर्च १२ लाख डॉलर, म्हणजे महिन्याला एक लाख. ताळेबंदात निव्वळ मालमत्ता ९ लाख दिसते. मंडळातला कापडाचा व्यापारी खूश होतो : नऊ महिने निश्चिंत! पण त्या नऊ लाखांतले ६ लाख ४० हजार देणगीदारांनी ठरावीक कामासाठी दिलेले. ग्रंथालयाच्या पैशातून लेखापालाचा पगार देता येत नाही. उरले २ लाख ६० हजार. त्यातले १ लाख ९० हजार इमारत, गाडी आणि फर्निचरमध्ये अडकलेले. विटा मोडून पगार होत नाही. हातात राहिले ७० हजार. महिन्याला एक लाख लागतात, म्हणजे संस्थेकडे एकवीस दिवसांचा दम आहे.

अमेरिकी हिशेबपद्धतीत म्हणूनच निव्वळ मालमत्तेचे दोन भाग पाडतात : देणगीदाराच्या अटींनी बांधलेली आणि मोकळी. आधी तीन वर्ग होते, २०१६ साली जाहीर झालेल्या बदलाने ते दोन झाले. मोकळ्या भागातून स्थावर वजा केल्यावर उरतो तो संस्थेचा खरा श्वास. मंडळात बसणाऱ्या भल्याभल्या उद्योजकांना ही वजाबाकी पहिल्यांदा करून दाखवावी लागते, कारण कंपनीच्या ताळेबंदात त्यांना असलं काही भेटलेलं नसतं.

दुसरा चकवा अनेक वर्षांच्या अनुदानाचा. एका प्रतिष्ठानने तीन वर्षांसाठी मिळून ३ लाख डॉलर देण्याचं विनाअट वचन दिलं. नियमाप्रमाणे सगळे ३ लाख पहिल्याच वर्षी उत्पन्नात धरावे लागतात (भविष्यातल्या हप्त्यांचं आजचं मूल्य काढून). खर्च वर्षाला एक लाख. त्यामुळे पहिल्या वर्षी दोन लाखांचा वाढावा, दुसऱ्या वर्षी एक लाखाची तूट, तिसऱ्या वर्षी पुन्हा एक लाखाची तूट. संस्था तीनही वर्षं अगदी ठरल्याप्रमाणे चाललेली असते. पण पहिल्या वर्षीचा अहवाल वाचून नवा देणगीदार म्हणतो, यांना पैशाची काय गरज? आणि दुसऱ्या वर्षीचा वाचून म्हणतो, ही बुडायला लागली. वचनाला खरी अट असेल, म्हणजे 'अमुक इतकं काम झालं तरच, नाहीतर पैसे परत', तर मात्र ती अट पूर्ण होईपर्यंत उत्पन्न धरत नाहीत. अनुदानपत्रातलं ते एक वाक्य नीट वाचलं नाही तर सगळं वर्ष चुकीचं मांडलं जातं.

सरकारी अनुदानांचं दुखणं आणखी वेगळं. बरीचशी अनुदानं परतफेडीची असतात : आधी खर्च करा, मग बिल पाठवा. बिल पास व्हायला दोन-तीन महिने लागले की मधला काळ कुणाच्या जिवावर काढायचा? वर बघितलेल्या ७० हजारांच्या. म्हणून जितकं मोठं सरकारी काम, तितकी रोकड जास्त लागते. मोठं अनुदान मिळाल्यामुळेच संस्था अडचणीत आली, हे वाक्य बाहेरच्याला विनोदी वाटतं. आतल्यांना नाही.

ओव्हरहेडचं भूत

फॉर्म ९९० च्या नवव्या भागात खर्चाच्या तीन रकान्यांत वाटणी असते : कार्यक्रम, व्यवस्थापन, निधी उभारणी. शेवटचे दोन म्हणजे लोक ज्याला ओव्हरहेड म्हणतात ते. वर्षानुवर्षं देणगीदारांनी 'ओव्हरहेड कमी ती संस्था चांगली' हा सोपा गज वापरला. गज सोपा होता, पण मोजत होता भलतंच. ओल्या गादीची खबर पोहोचवणारी माणसं, म्हणजे हिशेबनीस, माहिती गोळा करणारा, देखरेख करणारा, सगळी या रकान्यांत जाण्याचा संभव जास्त. तीच कापली की आकडा सुंदर दिसतो आणि संस्था आंधळी होते.

२००९ साली स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यूमधल्या एका लेखाने या चक्राला 'उपासमारीचं चक्र' म्हटलं. देणाऱ्यांच्या अपेक्षा अवास्तव, म्हणून संस्था खर्च कमी दाखवतात, त्यामुळे अपेक्षा आणखी अवास्तव होतात. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन पारखणाऱ्या संस्थांनीच देणगीदारांना उघड पत्र लिहून सांगितलं की केवळ या एका आकड्यावर जाऊ नका. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अनुदानात, सरकारशी वाटाघाटी करून स्वतःचा दर न ठरवलेल्या संस्थेला अप्रत्यक्ष खर्चापोटी (म्हणजे ओव्हरहेडसाठी) थेट खर्चाच्या ठरावीक भागावर १० टक्के घेता यायचे. ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा १५ टक्के झाली.

वर्गात या आकड्याची शिवण उसवून दाखवतात. 'धूम्रपान सोडा' असं सांगणारं पत्रक आणि त्यातच देणगीचं पाकीट. हा खर्च कार्यक्रमाचा की निधी उभारणीचा? विभागून दाखवायचा असेल तर हेतू, वाचक आणि मजकूर या तीन कसोट्या लागतात. पत्रक फक्त जुन्या देणगीदारांनाच पाठवलं असेल तर वाचकाच्या कसोटीवरच शंका उभी राहते. दोन प्रामाणिक संस्थांचा ओव्हरहेड वेगळा येतो तो अशा ठिकाणी.

पैसे मागण्याचं शास्त्र

विद्यार्थ्यांची एक समजूत पक्की असते : पैसा कंपन्या देतात. 'गिव्हिंग यूएसए' या वार्षिक अहवालाने २०२३ साठी अमेरिकेतल्या एकूण दानाचा अंदाज सुमारे ५५७ अब्ज डॉलर दिला. त्यात व्यक्तींचा वाटा ६७ टक्के, प्रतिष्ठानांचा १९, मृत्युपत्रांतून आलेला ८, आणि कंपन्यांचा जेमतेम ७. (पूर्णांकामुळे बेरीज एकाने जास्त दिसते.) तरीही नवशिका कार्यकर्ता पहिलं पत्र कंपनीलाच लिहितो, आणि उत्तराची वाट बघत बसतो.

एक लाख डॉलर उभे करायचे तर 'हजार लोकांकडून शंभर-शंभर' हे गणित कागदावर जुळतं, प्रत्यक्षात बसत नाही. त्यासाठी देणग्यांची उतरंड मांडतात. १५ हजारांची एक, १० हजारांच्या दोन, ५ हजारांच्या चार, २ हजारांच्या दहा, ५०० च्या वीस. या सदतीस देणग्यांतून ८५ हजार येतात. उरलेले १५ हजार शंभरच्या दीडशे देणग्यांतून. वरच्या प्रत्येक देणगीमागे तीन-चार नावं हाताशी लागतात, कारण सगळे हो म्हणत नाहीत. म्हणजे सदतीस देणग्यांसाठी साधारण १११ ते १४८ माणसं, आणि तीही ज्यांना काम माहीत आहे, ज्यांची ऐपत आहे आणि ज्यांच्याशी कुणाची तरी ओळख आहे अशी. ही यादी तयार नसताना मोहीम जाहीर करणं ही सगळ्यांत महागडी चूक. वरची देणगी आली नाही की खालच्या दीडशे देणग्यांनी ती कधीच भरून निघत नाही.

दुसरं, टिकवणं. अमेरिकेत आज देणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोक पुढच्या वर्षी त्याच संस्थेला पुन्हा देतात, पहिल्यांदाच दिलेल्यांपैकी तर साधारण पाचातला एक. नवा देणगीदार मिळवायला अनेकदा त्याच्या पहिल्या देणगीइतका किंवा त्याहून जास्त खर्च येतो. फायदा तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होतो. तोवर तो निघून गेलेला असतो, कारण पहिल्या पावतीनंतर त्याला आलेलं पुढचं पत्र पुन्हा पैसे मागणारंच होतं. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला वजावटीसाठी संस्थेची लेखी पोच लागते, त्यामुळे पोच सगळे पाठवतात. 'तुमच्या पैशाचं काय झालं' हे सांगणारं, काहीही न मागणारं पत्र मात्र फार थोडे पाठवतात.

आणि एक नीतीचा प्रश्न, जो मुलाखतीतही विचारतात : निधी उभारणाऱ्याला टक्केवारीवर पगार द्यावा का? अमेरिकेतल्या या व्यावसायिकांच्या संघटनेची, एएफपीची, आचारसंहिता स्पष्ट नाही म्हणते. कमिशनवर काम करणारा माणूस देणगीदारावर दबाव आणतो आणि दहा वर्षांनी येणाऱ्या मोठ्या मृत्युपत्रापेक्षा आजचा छोटा चेक पसंत करतो.

मेलेल्या माणसाची इच्छा

फिलान्थ्रॉपीच्या बाजूचे विषय इथं रंगात येतात. अँड्र्यू कार्नेगीने जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधून दिली, पण नुसता पैसा दिला नाही. गावाने जागा द्यायची आणि दरवर्षी बांधकामाच्या रकमेच्या दहा टक्के इतका चालवण्याचा खर्च उचलायचा, ही अट. काही गावांनी ती अट झेपणार नाही म्हणून, काहींनी त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला कामगारांशी झालेला १८९२ चा संघर्ष आठवून देणगी नाकारली. सशर्त अनुदान शिकवायला याहून स्वच्छ उदाहरण सापडत नाही.

दुसरं उदाहरण बेरिल बक यांचं. कॅलिफोर्नियात १९७५ साली त्या वारल्या तेव्हा त्यांनी तेल कंपनीचे, तेव्हा सुमारे एक कोटी डॉलर किमतीचे शेअर मागे ठेवले, अट एवढीच की उत्पन्न मरीन काउंटीतच खर्चायचं. १९७९ मध्ये शेल कंपनीने ती तेल कंपनी विकत घेतली आणि निधी कित्येक पटींनी फुगला. मरीन हा देशातल्या अतिश्रीमंत भागांपैकी एक. निधी सांभाळणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनने शेजारच्या गरीब भागांतही पैसा वापरू द्या म्हणून न्यायालय गाठलं. १९८६ साली त्यांना अपयश आलं. दात्याची इच्छा पार पाडणं अशक्य, बेकायदेशीर किंवा अव्यवहार्य झालं तरच ती बदलता येते, असं न्यायालयाचं म्हणणं. ती फक्त अकार्यक्षम वाटते म्हणून नाही. या प्रकरणावर वर्ग हमखास दोन तट पडून भांडतो. बरोबर उत्तर शिक्षकांकडेही नसतं, पण एक धडा व्यवहाराचा आहे : मोठी देणगी घेतानाच 'परिस्थिती बदलल्यास मंडळ जवळच्या हेतूसाठी वापर करू शकेल' अशी ओळ करारात घालून घ्यावी.

परिणाम मोजताना

मूल्यमापनाच्या विषयात आधी साखळी शिकवतात : साधनं, कृती, झालेलं काम, लोकांमध्ये झालेला बदल. रोजगार प्रशिक्षणाला २०० जण आले, १४० जणांनी पूर्ण केलं, ९० जणांना नोकरी लागली. अहवालात नव्वद छापतात. पण प्रशिक्षण नसतं तर यांतल्या किती जणांना तरीही नोकरी लागली असती? साठ असेल तर संस्थेचं श्रेय तीस. हा न घडलेला आकडा काढण्यासाठी तुलनेचा गट लागतो, आणि तो कार्यक्रम सुरू होण्याआधीच ठरवावा लागतो. नंतर आठवून उपयोग नसतो.

हे नुसतं पंडिती नव्हे. न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात वाट चुकणाऱ्या मुलांना जन्मठेपेच्या कैद्यांसमोर उभं करून घाबरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुलं रडत, पालक समाधानाने घरी जात, देशभर नक्कल झाली. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं की असे कार्यक्रम झालेल्या मुलांकडून गुन्हे कमी होत नाहीत, उलट वाढतात. पैसे देणाऱ्यांचं समाधान झालं होतं, मुलांचं नुकसान.

वर्गात खरे पैसे

काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांना काही हजार डॉलर खरोखर वाटायला देतात. नॉर्दर्न केंटकी विद्यापीठात हा प्रयोग २००० सालच्या सुमारापासून चालू आहे. वर्ग आधी विषय ठरवतो, अर्ज मागवतो, कशाला किती गुण द्यायचे याचं गुणपत्रक तयार करतो, संस्थांना भेटी देतो आणि शेवटी मतदान. गुणपत्रक अर्ज उघडण्याआधी बनवायचं हा नियम पाळला नाही की सगळं बिघडतं. छान लिहिलेला अर्ज मन जिंकतो आणि निकष त्याच्याभोवती वळवले जातात. भेटीत संस्था चांगली वाटली पण हिशेब कच्चा निघाला, तर काय करायचं, हा वाद दोन तास चालतो. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसल्याशिवाय अनुदानाचा अर्ज लिहायला खरं येत नाही.

नोकरी, कर्ज आणि व्हिसा

अमेरिकेतल्या खासगी नोकऱ्यांपैकी सुमारे दहा टक्के या क्षेत्रात आहेत. २०२२ साली १ कोटी २८ लाख. पण त्यांतला मोठा हिस्सा रुग्णालयांचा आणि शिक्षणसंस्थांचा, जिथं नर्स आणि प्राध्यापक लागतात. या पदवीवर सहसा मिळते ती सुरुवातीची जागा : देणगीदारांच्या नोंदी ठेवणारा, अनुदानाचे अर्ज लिहिणारा, स्वयंसेवकांचा समन्वयक, कार्यक्रम सहायक. पगार सुरुवातीला व्यापार शाखेच्या मानाने कमी. म्हणून आमचं मत विचाराल तर ही पदवी एकटी घेऊ नये. अकाउंटिंग, डेटा, सार्वजनिक आरोग्य किंवा दुसरी भाषा, यांपैकी काहीतरी एक हाताला हवंच.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी २००७ च्या कायद्याने सोय केली : ५०१ (सी) (३) संस्थेत किंवा सरकारात पूर्णवेळ काम करताना १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं केंद्र सरकारचं थेट कर्ज माफ. सुरुवातीचे अर्ज मोठ्या संख्येने फेटाळले गेले. कर्ज थेट प्रकारातलं नव्हतं, परतफेडीची योजना चुकीची होती, पात्र हप्ते पुरे झाले नव्हते, किंवा अर्जातली माहिती अपुरी होती. नोकरीचा दाखला दरवर्षी घ्यावा. दहा वर्षांनी जुनी संस्था शिल्लक असेलच असं नाही.

बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. ही पदवी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) धरली जात नाही, त्यामुळे शिक्षणानंतरची कामाची परवानगी १२ महिन्यांची. वरची २४ महिन्यांची वाढ मिळत नाही. आणि 'ना-नफा संस्थांना एच-१बी व्हिसासाठी लॉटरीतून जावं लागत नाही' ही ऐकीव माहिती अर्धवट आहे. ती सूट विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि संशोधन संस्थांना आहे. बेघरांचा निवारा त्यात बसत नाही.

इंटर्नशिपची जागा निवडताना माहितीपत्रकाच्या आधी त्या संस्थेचा फॉर्म ९९० उघडावा. तो प्रोपब्लिका किंवा कँडिडच्या साइटवर मिळतो. दहाव्या भागात ओळ २७ आणि २८ : मोकळी मालमत्ता किती, बांधलेली किती. सातव्या भागात वरच्या लोकांचे पगार. तीन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवून बघावं, दर वर्षी संचालकाचं नाव बदललेलं दिसतं का. दिसलं, तर तिथं इंटर्नला शिकवायला कुणाला वेळ नसेल, फक्त पाकिटं भरायला लावतील.